जुना खेळ परत येतोय, पण एकट्यासाठी नाही

या महिन्याच्या टपालात शाहूपुरीतल्या एका वाचकांचं पत्र इतर सगळ्या पत्रांच्या दुप्पट लांब होतं. संपादकांना ते निम्मं करायचं होतं, मी जवळजवळ पूर्ण छापायचा हट्ट धरला. उरलेल्या पानात आणखी दोन पत्रं बसवली आहेत. तिन्ही पत्रांचा विषय फिरून फिरून एकाच जागी, जुन्या-नव्या व्हिडिओ गेमपाशी येतो, म्हणून एकत्र.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जुना डीटीपीवाला. बारावी झाल्यावर 1996 साली शाहूपुरीतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये लागलो. साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, गुळाच्या बॉक्सवरची लेबलं, लग्नपत्रिका, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं, हे आमचं काम. प्रेसमध्ये बाकी सगळे साधे पीसी आणि रंगीत कामासाठी एकच मॅकिंटॉश. मालक संध्याकाळी त्याच्यावर कापडी कव्हर घालून जायचे. मुंबईहून सर्व्हिसिंगला येणाऱ्या इंजिनिअरने त्यावर 'मॅरेथॉन' नावाचा गेम टाकून दिला होता.

रात्रपाळीला प्लेट लागून मशीनवर पहिली शीट निघेपर्यंत मला थांबावंच लागायचं. त्या वेळात मी कव्हर काढायचो. माझं इंग्रजी बेताचं. त्या गेममध्ये भिंतीत टर्मिनल असतात, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत मजकूर येतो. तो समजल्याशिवाय पुढं काय करायचं ते कळत नाही. मी डिक्शनरी शेजारी घेऊन बसायचो आणि अडलेले शब्द रद्दीतल्या शीटच्या मागं लिहून ठेवायचो. प्रूफ वाचण्याइतकं इंग्रजी मला त्या टर्मिनलांनी शिकवलं, हे मी आजवर घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाइलवर नव्या मॅरेथॉनचा ट्रेलर दाखवला तेव्हा माझे डोळे भरून आले. मग तो म्हणाला, "बाबा, यात स्टोरी मोड नाहीये. तिघांची टीम करून उतरायचं, माल गोळा करायचा, दुसऱ्या टीमशी लढायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. मेलात तर गोळा केलेलं सगळं गेलं." सप्टेंबर 2025मध्ये येणार होता, पण जून 2025मध्ये ती तारीख पुढं ढकलली. मुलाला त्याच्या टीमसाठी तिसरा गडी पाहिजे आणि तो माझ्या मागं लागलाय. मला एकदम आनंदही झालाय आणि रागही आलाय. हेच करायचं होतं तर नवं नाव का नाही घेतलं? आणि मी त्याच्याबरोबर खेळावं का?
— एक डीटीपीवाला, शाहूपुरी

उत्तर : दादा, आधी तुमच्या प्रेसमधल्या त्या एकुलत्या एक मॅकबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. शिकागोच्या बंजी कंपनीने 1994च्या डिसेंबरात मॅरेथॉन आणला, तेव्हापासूनच त्यात आठ जणांपर्यंत नेटवर्कवर खेळायची सोय होती. ॲपलटॉकने मॅक एकमेकांना जोडले की झालं. मायक्रोफोन असेल तर खेळता खेळता बोलताही यायचं. तुमच्याकडे मॅक एकच होता, म्हणून तुमच्या वाट्याला आला तो एकट्याचा मॅरेथॉन. शेजारी दुसरा मॅक असता, तर तुम्ही आणि तुमच्या जोडीचा ऑपरेटर प्लेट लागेपर्यंत एकमेकांना गोळ्या घालत बसला असतात आणि आज कदाचित तीच आठवण तुम्हाला प्यारी असती. 1995च्या 'मॅरेथॉन 2'मध्ये तर गोष्ट दोघातिघांनी मिळून खेळायचीही सोय आली आणि टेकडी राखायची, चेंडू पकडून पळायचं असे खेळही आले. तेव्हा मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळणं, हे मॅरेथॉनमध्ये आत्ता कुणी घुसडलेलं नाही.

तरीही तुमचा राग मला पूर्ण पटतो. माझाही आहे.

मी मॅरेथॉन मॅकवर खेळलेली नाही. राजारामपुरीत माझ्या भावाचा आणि माझा सायबर कॅफे होता, तिथे दुपारी गिऱ्हाईक नसताना पीसीवर खेळले. तुम्ही ज्या हिरव्या अक्षरांबद्दल लिहिलंय, त्यांच्यासाठीच मी तो गेम शेवटपर्यंत नेला. मंगळाच्या डायमॉस या चंद्रापासून बनवलेलं एक जहाज, टाउ सेटी ताऱ्याजवळची माणसांची वसाहत, साल 2794. परग्रहावरचे 'फोर' नावाचे जीव हल्ला करतात. जहाज चालवायला तीन यंत्रबुद्धी आहेत: लीला, टायको आणि ड्युरंडल. सुरुवातीला लीला तुम्हाला कामं नेमून देते. कुठे जा, कुणाला वाचव, कुठला दरवाजा बंद कर. तिचं लिहिणं स्वच्छ आणि मुद्द्याचं. फोरांच्या हल्ल्यात ती कोलमडत जाते आणि मग टर्मिनलवर ड्युरंडल बोलायला लागतो. या ड्युरंडलकडे जहाजाची दारं उघडायचं आणि बंद करायचं काम होतं. एवढी अफाट बुद्धी आणि तिला काम काय, तर दारं! त्यात तो बिथरलेला आहे. तो तुम्हाला डिवचतो, मधेच तत्त्वज्ञान सांगतो, हुकूम देता देता विषय सोडून भलतंच बोलतो. खरं बोलतोय की वापरून घेतोय, हे तुम्हाला ठरवता येत नाही. तुम्ही स्वतः पूर्ण गेमभर एक शब्दही बोलत नाही. बंदूक तुमच्या हातात आणि गोष्ट भिंतीवर.

1994 सालच्या शूटरमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या गेममध्ये, हे फारसं कुणी करत नव्हतं. डूम या त्याच काळातल्या शूटरमध्ये गोष्ट म्हणजे दोन भागांच्या मधे येणारा एखादा परिच्छेद. मॅरेथॉनमध्ये दमून एका कोपऱ्यात यायचं, टर्मिनलसमोर उभं राहायचं आणि वाचायचं. सेव्हसुद्धा हवं तेव्हा करता यायचं नाही, त्यासाठी ठरलेल्या जागा होत्या. त्यामुळे वाचन संपवून पुन्हा अंधाऱ्या बोळात शिरताना पोटात गोळा यायचा. ही सगळी रचनाच एकट्या माणसासाठी होती. तुमच्यासारखा डिक्शनरी घेऊन बसलेला माणूस आपल्या गतीने त्यात जाऊ शकला, कारण त्याला कुणी घाई करत नव्हतं. कानात दोघेजण "चल, चल, झोन बंद होतोय" म्हणून ओरडत असताना ड्युरंडलची चार पानं कोण वाचणार?

नव्या मॅरेथॉनमध्ये गोष्ट मुळीच नाही असं समजू नका. ती जुन्या घटनांनंतर सुमारे शंभर वर्षांनी घडते. टाउ सेटीजवळची वसाहत नाहीशी झाली आहे आणि तुम्ही 'रनर' आहात, म्हणजे देह सोडून कृत्रिम शरीरात उतरलेले भाडोत्री लुटारू. मुलाने तुम्हाला सांगितला तो प्रकार एक्स्ट्रॅक्शन शूटर म्हणून ओळखला जातो. 'एस्केप फ्रॉम टारकॉव्ह'ने तो गाजवला. आत काय घेऊन जायचं ते तुम्ही ठरवता, आत जे सापडेल ते उचलता आणि ठरलेल्या जागेवरून निसटलात तरच ते तुमचं. त्यातली धाकधूक खरी असते. मी हा प्रकार खेळले आहे. पाठीवर चांगला माल असताना पलीकडच्या खोलीत पावलं वाजली की हात गार पडतात. हा कमअस्सल खेळ आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यातली गोष्ट तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते आणि ती गोळा करायला वेळ कुणाकडे नसतो. तुम्हाला जे हवं होतं ते तिथे मध्यभागी नाही, एवढं नक्की.

मग नाव का तेच? कारण नावाला किंमत आहे. तुमच्यासारख्यांचे डोळे ज्या नावाने भरून येतात, ते नाव नव्या दुकानाच्या पाटीवर लावलं की पहिल्या दिवशी सगळ्या जगात बातमी होते. आणि मल्टिप्लेअर का? एकट्याने खेळायची मोठी गोष्ट बनवायला बरीच वर्षं आणि भरमसाट पैसा लागतो, आणि ती एकदाच विकली जाते. मल्टिप्लेअर दर हंगामाला नव्याने विकता येतो: नवे पोशाख, नव्या बंदुका, नवा पास. सोनीने 2022 साली बंजी विकत घेतली ती 3.6 अब्ज डॉलर मोजून, आणि सोनीला तेव्हा वर्षानुवर्षं चालत राहणारे असेच गेम हवे होते. पुढे 2024च्या जुलैमध्ये बंजीने 220 लोकांना कामावरून काढलं. या आकड्यांच्या सावलीत नवा मॅरेथॉन बनला. त्यावर मनापासून काम करणारी माणसं तिथे असणारच, पण दिशा ठरवणारे हिशेब हे आहेत.

जुनी मालिका परत आणायची तर मल्टिप्लेअरच करावी लागते, हे मात्र खरं नाही. 2014मध्ये मशीनगेम्स कंपनीने वुल्फेन्स्टाईन ही जुनी शूटर मालिका परत आणली ती मल्टिप्लेअर अजिबात न ठेवता, निव्वळ कथेवर, आणि लोकांनी डोक्यावर घेतली. 2016च्या डूमची आधी मल्टिप्लेअरची चाचणी खेळायला दिली होती, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. गेम हातात आला आणि एकट्याने खेळायच्या भागाने सगळ्यांची तोंडं बंद केली. आज त्या डूमचं नाव निघालं की त्या भागाचंच निघतं.

आता माझी खरी तक्रार सांगते. तुम्ही विचारता, खेळ एकट्याचा की सगळ्यांचा. मी कुठल्याही परत आलेल्या गेमबद्दल दुसरं विचारते: कंपनीने सर्व्हर बंद केला की माझ्या हातात काय उरणार?

1999चा 'अनरिअल टूर्नामेंट' घ्या. तो जन्मापासून मल्टिप्लेअर. आमच्या कॅफेत त्याची सीडी यायची तेव्हा पोरं खुर्च्या पकडायला धावायची. एपिक कंपनीने 2014मध्ये ती मालिका नव्याने, फुकट आणि चाहत्यांना सोबत घेऊन बनवायची घोषणा केली, 2018च्या सुमारास ते काम अर्ध्यावर सोडलं आणि 2023च्या जानेवारीत जुन्या गेमचे आपले सर्व्हरही बंद केले. तरीही 1999चा गेम आज चालतो. कारण त्यात बॉट म्हणजे कॉम्प्युटरनेच चालवलेले खेळाडू आहेत, लॅन म्हणजे नेटशिवाय जवळचे पीसी जोडून खेळायची सोय आहे आणि ज्याला हवा त्याने आपला सर्व्हर उभा करावा अशी सोय आहे. चाहत्यांनी तो पुढे दुरुस्तही करत नेला. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या कॅफेत नेट गेलेलं असायचं, जनरेटरवर मोजके पीसी चालू असायचे आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात लॅनवर सामने रंगायचे. बाहेरच्या कुणाची परवानगी लागायची नाही. त्या मल्टिप्लेअरवर माझा अजूनही जीव आहे.

याच्या उलट, बंजीचाच 'डेस्टिनी 2' पाहा. 2017मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतला, त्यातली मूळ मोहीम 2020च्या नोव्हेंबरात कंपनीने गेममधून काढून टाकली. पैसे भरलेल्यांनाही ती आता खेळता येत नाही. आणि सोनीचाच 'कॉनकॉर्ड' 2024च्या 23 ऑगस्टला आला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत दिले, पण गेम म्हणून काही उरलंच नाही. खासबागेत कुस्ती नसली तरी मैदान जागेवर असतं. हौद्यात उतरून दोन पोरं आपापली झुंजू शकतात. इथे कंपनी मैदानच उचलून घेऊन जाते. युरोपात याविरुद्ध लोकांनी मोहीम काढली, 2025च्या जुलैत तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: गेम बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवून जा. मला ही मागणी शंभर टक्के मान्य आहे, आणि भारतातून सही चालत नव्हती याचं वाईट वाटतं.

आणि हे ज्या बंजीबद्दल मी लिहितेय, तिनेच जुन्या मॅरेथॉनच्या बाबतीत फार मोठं मन दाखवलं होतं. 2000 साली 'मॅरेथॉन 2'चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला केला. चाहत्यांनी त्यातून जुना मॅरेथॉन आजच्या पीसीवर चालवणारं 'अलेफ वन' उभं केलं. 2005मध्ये तिन्ही भाग फुकट वाटायची परवानगी दिली. 2024मध्ये ते स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरही फुकट आले. म्हणजे तुमचा ड्युरंडल तुमच्या घरी, तुमच्या पीसीवर, नेट नसतानाही आज रात्री बोलेल. नवा गेम उद्या चालो न चालो, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. यामुळे माझा राग बराच कमी झाला, तुमचाही होईल असं वाटतं.

एक गोष्ट खास तुमच्या धंद्यातली आहे म्हणून सांगते. नव्या मॅरेथॉनचे भडक सपाट रंग, मोठाले आकडे आणि ठळक अक्षरं तुम्हाला ट्रेलरमध्ये आवडली असतील. 2025च्या एप्रिलमध्ये चाचणी झाली आणि मे महिन्यात एका स्वतंत्र चित्रकर्तीने दाखवून दिलं की तिच्या पोस्टरमधली चिन्हं न विचारता गेममध्ये वापरली आहेत. बंजीने ते मान्य केलं, आपल्या एका माजी कलाकाराने ती घातली होती असं सांगितलं. त्यानंतर जूनमध्ये तारीख पुढे गेली, चाचणीतल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकून गेम सुधारायचं कारण दिलं. दुसऱ्याच्या लेबलातली कमळं उचलून आपल्या लेबलावर चिकटवणारे लोक तुम्ही गुळाच्या हंगामात पाहिले असतील. हे त्यातलंच, आणि मला ते फार लागलं.

मुलाबरोबर खेळावं का? खेळावं. तो तुमच्या मागे लागलाय, यात मॅरेथॉनपेक्षा मोठी गोष्ट आहे. पण त्याआधी त्याला एका रविवारी जुन्या मॅरेथॉनसमोर बसवा. पहिल्या लेव्हलपासून लीलाची टर्मिनलं त्याला मोठ्याने वाचायला लावा. त्या रद्दीतल्या शीटची गोष्ट त्याला सांगा; ती तुम्ही मला लिहिली आणि त्याला सांगितली नाही, हे बरोबर नाही. मग 'मॅरेथॉन 2' घरच्या वाय-फायवर दोन लॅपटॉप जोडून दोघांनी मिळून खेळा. हेही मॅरेथॉनचं मल्टिप्लेअरच आहे, आणि त्यात ड्युरंडलही आहे. त्यानंतर नव्यात त्याची टीम भरायला जा, मनात तुलना न करता. पण पैसे लगेच मोजू नका. दोनेक महिने जाऊ द्या, लोक टिकतात का बघा.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळे जुने लोक स्टोरी मोडसाठी का रडता? मी अकरावीला आहे. मी आणि माझे मित्र रोज रात्री जेवल्यावर मोबाइलवर बीजीएमआय हा गेम टीम करून खेळतो. गप्पा तिथंच, भांडणं तिथंच. एकट्यानं कशाला खेळायचं? त्यापेक्षा पिक्चर बघितलेला काय वाईट?
— एक विद्यार्थी, मंगळवार पेठ

उत्तर : मित्रांबरोबर खेळ, खुशाल खेळ. तुझ्या वयाची पोरं आमच्या कॅफेत काउंटर-स्ट्राइकसाठीच यायची. डस्ट टूचा नकाशा त्यांना आपल्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होता.

पण एक मुलगा यायचा तो कोपऱ्यातला पीसी मागायचा आणि फक्त आयजीआय खेळायचा. 2000 सालचा तो गेम आपल्याकडे किती खेळला गेला हे तुझ्या काकांना विचार. त्यात मिशनच्या मधे सेव्ह नव्हतं. अर्धा तास सरपटत, कॅमेरे चुकवत, तारेवरून घसरत शेवटपर्यंत यायचं आणि टॉवरवरच्या एका स्नायपरने टिपलं की पुन्हा पहिल्यापासून. हा मुलगा शेवटच्या टप्प्यात आला की शेजारचे काउंटर-स्ट्राइकवाले, जे आधीच मरून पुढच्या राउंडची वाट बघत असायचे, ते हेडफोन काढून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. कुणी काही सुचवायचं नाही. एकदा अलार्म वाजला, बॅरेकमधून सैनिक बाहेर यायला लागले, तेव्हा मागे उभ्या असलेल्यांपैकी एकाने त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, ते मला काउंटरवरून दिसत होतं. मिशन पार पडलं तेव्हा सगळा कॅफे ओरडला. पिक्चर बघताना हे होत नाही, कारण पिक्चर तू बघ किंवा बघू नको, तो शेवटाला पोचतोच. इथे तो मुलगा पोचला नसता तर शेवट आलाच नसता.

दुसरं असं की बीजीएमआयच्या आधीचा पबजी मोबाइल तुझ्या दादाने खेळला असेल. 2020च्या सप्टेंबरात सरकारने त्यावर बंदी घातली, ऑक्टोबरअखेर भारतातले सर्व्हर बंद झाले. 2021च्या जुलैत बीजीएमआय आला, 2022च्या जुलैत स्टोअरवरून गेला, 2023च्या मेमध्ये परत आला. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण त्या काळात तुम्हा पोरांची रोज रात्रीची बैठकच मोडली होती, आठवतं ना? तुझ्या गेमवर तुझा ताबा किती आहे, हे तुला तेव्हाच दिसलं. म्हणून सांगते, मित्रांबरोबरचा एक गेम असू दे आणि कुणाच्याही मर्जीवर नसलेला, आपल्या हार्ड डिस्कवरचा एक गेम असू दे. तो खेळून झाला की मित्रांना सांगण्यासारखंही तुझ्याकडे काहीतरी वेगळं असेल.

रोज रात्री म्हणालास, ते किती वाजेपर्यंत हे लिहिलं नाहीस. अकरा वाजता बंद.

प्रश्न : माझ्याकडे बाबांचा जुना लॅपटॉप आहे, चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. जुने शूटर गेम खेळून बघायचेत. फुकट हवेत, पण चोरीचे नकोत. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, कळंबा

उत्तर : "चोरीचे नकोत" हे वाचून बरं वाटलं. कॅफे चालवताना मी कॉपी केलेल्या सीडींमधून आलेले इतके व्हायरस काढले आहेत की तुला ते कधी करावं लागू नये.

वर ज्या मॅरेथॉनवर एवढं लिहिलंय, त्यानेच सुरुवात कर. स्टीमवर 'क्लासिक मॅरेथॉन' शोध किंवा थेट अलेफ वन उतरवून घे. दोन्ही फुकट आणि कायदेशीर. तुझ्या लॅपटॉपला तो जड जाणार नाही. डूम आणि 1996चा क्वेक यांचा पहिला भाग शेअरवेअर म्हणून मोफत वाटायला बनवलेला होता, तो घे. पुढचे भाग विकत आहेत, पण सेलमध्ये स्वस्त मिळतात. पहिला भाग आवडला तरच पैसे घाल.

मॅरेथॉन सुरू केलास की आधी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड आपल्या सवयीचा करून घे, जुन्या ठरलेल्या बटणांनी हात अवघडतो. गोळ्या जपून वापर. पळत येऊन मारलेला ठोसा सुरुवातीच्या शत्रूंना पुरतो. काही लेव्हलमध्ये हवाच नसते, तिथे ऑक्सिजनच्या पट्टीवर लक्ष ठेव आणि भरून घ्यायची जागा दिसली की थांब. सेव्हची जागा भिंतीत असते. ती सापडली की आधी सेव्ह, मग पुढचा दरवाजा. टर्मिनल मात्र एकही सोडू नकोस, इंग्रजी अडलं तरी. 'कॉलनी शिप फॉर सेल, चीप' नावाची लेव्हल फार किचकट आहे, तिथे भले भले अडकतात. तिथवर पोचलीस की पत्र टाक, नकाशा काढून पाठवते.